डोंगरमाथ्यावरून नजर कुठवर पोचते?

धनतेरसला सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला गेलेली पोरं माथ्यावर पोचली की त्यांच्यात एक तरी जाणकार निघतोच. हात लांब करून तो सांगतो, "तठे दिखस ना, ते समदं गुजरात शे भो!" दुसरा उत्तरेला वळून मध्य प्रदेश दाखवतो. तिसरा दक्षिणेच्या धुरकट रेषेकडे बोट करून म्हणतो, तो बागलाणातला साल्हेर किल्ला. पहिल्या दोघांचं म्हणणं खरंच असतं, पण त्यात विशेष काही नाही. दोन्ही राज्यांच्या हद्दी तिथून इतक्या जवळ आहेत की त्या दिसल्या नाहीत तरच नवल. तिसऱ्याचा दावा मात्र तपासून बघण्यासारखा आहे. साल्हेर तिथून सरळ रेषेत शंभर-एकशे दहा किलोमीटर आहे. एवढ्या लांबचा डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

दिसू शकतो. आणि गणितानं बघितलं तर आरामात दिसायला हवा. तरीही वर्षातले बहुतेक दिवस तो दिसत नाही. गोंधळ होतो तो इथेच, कारण "किती लांबचं दिसतं" हा प्रश्न एक वाटला तरी त्यात तीन प्रश्न आहेत. जमीन कुठवर दिसते, हा एक. दुसरा डोंगर किती लांबचा दिसतो, हा दुसरा; त्याचं उत्तर पहिल्यापेक्षा बरंच मोठं येतं. आणि मधली हवा किती दिसू देते, हा तिसरा. पहिल्या दोन्हींची उत्तरं कागदावर काढता येतात. तिसरं रोज बदलतं, आणि शेवटचा शब्द त्याचाच असतो.

हे समजून घ्यायला खानदेशासारखी जागा नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला बागलाणातल्या सेलबारी-डोलबारी, आणि मधे तापीचा लांबरुंद सपाट पट्टा, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे-दोनशे मीटरवर. समोरासमोर डोंगरांच्या दोन भिंती आणि मधे अडथळा नाही.

सुरुवात डोंगरावरून नको, खालून करू. तापीकाठच्या उघड्या वावरात उभे राहा. समोर केळीची बाग नाही, पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून झालेली आहे, बांधावर झाड नाही असं धरू. डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर. अशा वेळी जमीन तुम्हाला फक्त साडेचार किलोमीटरपर्यंत दिसते. त्यापुढची जमीन पृथ्वीच्या गोलाव्यामागे उतरलेली असते. गावच्या पाण्याच्या टाकीवर, २० मीटरवर चढलात तर हे अंतर १६ किलोमीटर होतं. १०० मीटरच्या टेकडीवरून ३६ किलोमीटर.

हिशोब सोपा आहे. मोकळ्या मैदानापासून तुम्ही जितके मीटर वर आहात त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५७ नं गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हा ३.५७ आकाशातून पडलेला नाही. तुमच्या डोळ्यापासून क्षितिजापर्यंत जाणारी रेषा पृथ्वीला जिथे नुसती टेकते, तिथे ती पृथ्वीच्या त्रिज्येशी काटकोन करते. म्हणजे एक काटकोन त्रिकोण तयार झाला. एक बाजू पृथ्वीची त्रिज्या, ६३७१ किलोमीटर. दुसरी बाजू आपल्याला हवं असलेलं अंतर. आणि कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक तुमची उंची. शाळेतला पायथागोरस लावला की अंतराचा वर्ग येतो उंची गुणिले पृथ्वीचा व्यास. व्यास १२,७४२ किलोमीटर. उंची मीटरमध्ये घेतली तर हजारानं भागायचं, राहतात १२.७४२, आणि त्याचं वर्गमूळ ३.५७. (उंचीचा वर्गही एका कोपऱ्यात उरतो, पण तो इतका क्षुल्लक असतो की सोडून द्यायचा.)

यातलं वर्गमूळ फार महत्त्वाचं, कारण ते आपल्या अंदाजाला फसवतं. उंची दुप्पट झाली की नजरही दुप्पट लांब जाईल असं वाटतं. तसं होत नाही. दुप्पट लांबचं बघायचं तर चौपट उंच चढावं लागतं. ४०० मीटरवरून ७१ किलोमीटर, ९०० वरून १०७, १६०० वरून १४३. अस्तंबा १३२५ मीटर उंच आहे, म्हणजे खालच्या मैदानापासून सुमारे ११५० मीटर. तिथून मैदानाचं क्षितिज १२० किलोमीटरवर येतं. आता गंमत बघा. पायथ्यापासूनच्या पहिल्या १०० मीटर चढाईनं ३६ किलोमीटरची कमाई होते, आणि दम काढणाऱ्या शेवटच्या १०० मीटरनं जेमतेम साडेपाच किलोमीटरची. वरच्या टप्प्यात घाम जास्त आणि मोबदला कमी. माथ्यावर जायचं ते इतर कारणांसाठी. नजरेचा बहुतेक पल्ला अर्ध्या वाटेवरच हाती आलेला असतो.

उंची कुठून मोजायची, हेही बघायला हवं. गडाच्या पायथ्याच्या फलकावर लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. समोर समुद्र असेल तर ती तशीच वापरा. समोर मैदान असेल तर मैदानाची उंची वजा करा. दख्खनच्या पठारावर ६०० मीटर उंचीच्या गावाशेजारी ८०० मीटरची टेकडी असेल, तर ती नजरेच्या हिशोबात २०० मीटरचीच. उलट सातपुड्याची धार एकदम तापीच्या खोऱ्यात उतरते, त्यामुळे इथली जवळजवळ सगळी उंची कामी येते.

जवळजवळ म्हटलं, कारण काठ गाठावा लागतो. तोरणमाळला हा अनुभव येतो. पठार हजार मीटरच्या वर, पण यशवंत तलावाच्या काठी उभं राहिलं तर दिसतो तलाव, पलीकडची झाडी आणि वर आभाळ. खानदेशाचा पत्ताच नाही. सीताखाईच्या कड्याशी आलात की मग पायाखालची जमीन सुटते आणि नजर मोकळी होते. रुंद पठाराच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला पठारच आडवं येतं. अस्तंब्यासारखा अरुंद सुळका असला की चारी बाजूंना काठच असतो. लांबचं बघायला उंचीइतकीच कड्याची गरज असते, आणि पर्यटनाच्या जाहिरातींत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

हे झालं जमिनीचं. पण साल्हेर म्हणजे काही मैदानातली जमीन नव्हे, तोही वर उठलेला आहे. जमीन १२० किलोमीटरवर संपली म्हणून नजर तिथे थांबत नाही. ती क्षितिजाला घासून पुढे जाते, आणि पुढे एखादा डोंगर तिला आडवा येण्याइतका उंच असेल तर तो दिसतो. म्हणून दोन शिखरांचा हिशोब बेरजेचा. माझं क्षितिज किती लांब, त्या शिखराचं क्षितिज किती लांब, दोन्हींची बेरीज म्हणजे आम्ही एकमेकांना दिसू शकू ते जास्तीत जास्त अंतर. साल्हेर १५६७ मीटर. २०० मीटरचं मैदान वजा करून वर्गमूळ काढलं, ३.५७ नं गुणलं, की १३२ किलोमीटर. अस्तंब्याचे १२०. बेरीज २५० च्या वर. मधलं अंतर त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे पृथ्वीच्या गोलाव्याला इथे काही बोलायलाच जागा नाही. साल्हेर तर दिसेलच, गणितानं बागलाणातल्याच मांगी-तुंगीचे दोन सुळकेही दिसायला हवेत.

हाच हिशोब उलटा केला तर डोंगराचा किती भाग बुडतो ते कळतं. भाद्रपदातल्या पावसाच्या एखाद्या सरीनंतर जळगावातून सातपुड्याची निळी रेघ स्वच्छ दिसते. जमिनीवर उभं राहून चाळीस किलोमीटरवरचा डोंगर बघत असाल तर त्याचा खालचा सुमारे १०० मीटरचा भाग क्षितिजाखाली असतो. आपल्याला जो पायथा वाटतो तो पायथा नसतोच. आपण डोंगर कमरेपासून वर बघत असतो. अंतर वाढेल तसं हे बुडणं झपाट्यानं वाढतं. १८४९-५० साली भारतीय सर्वेक्षण खात्यानं बिहारच्या मैदानातून हिमालयाच्या पंधराव्या शिखराचे कोन मोजले. मोजणारे १७० किलोमीटरहून जास्त लांब होते. तेवढ्या अंतरावर शिखराच्या खालच्या दोन हजार मीटरहून अधिक उंचीचा भाग गोलाव्यामागे जातो. तरी शिखर इतकं प्रचंड की वरचं डोकं दिसत राहिलं. त्या आकड्यांवरून राधानाथ सिकदार आणि त्यांच्या गणकांनी हिशोब केला, आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. तेच एव्हरेस्ट.

त्या हिशोबात गोलाव्याइतकंच डोकं खाल्लं ते प्रकाशाच्या वाकण्यानं. आतापर्यंत आपण नजर सरळ रेषेत जाते असं धरलं. ती तशी जात नाही. जमिनीलगतची हवा दाट, वरची विरळ. दाट-विरळ थरांतून तिरपा जाणारा प्रकाश दाट हवेकडे, म्हणजे खाली वाकतो, आणि पृथ्वीच्या गोलाव्याला थोडासा धरून चालतो. त्यामुळे क्षितिजाच्या जरासं पलीकडचंही दिसतं. नेहमीच्या हवेत या वाकण्यानं सुमारे आठ टक्के जास्त अंतर मिळतं. म्हणजे गुणायचा आकडा ३.५७ ऐवजी ३.८६ घ्यायचा. अस्तंब्याचे १२० किलोमीटर मग १३० होतात.

आठ टक्के किरकोळ वाटतात, पण कधी कधी सगळं त्यांच्यावरच अवलंबून असतं. २०१६ साली पिरेनीज पर्वतातल्या फिनेस्ट्रेल शिखरावरून आल्प्समधल्या गास्पार शिखराचा फोटो निघाला. अंतर ४४३ किलोमीटर. पहिलं शिखर सुमारे २८०० मीटर, दुसरं सुमारे ३८८०. मधे समुद्र, म्हणजे काही वजा करायला नको. आपल्या ३.५७ नं बेरीज करून बघा: ४११ किलोमीटर. म्हणजे प्रकाश सरळ जात असता तर तो फोटो निघणंच शक्य नव्हतं. ३.८६ नं केली तर ४४४. अगदी काठावर पास.

हे वाकणं दिवसभर सारखं नसतं. हिवाळ्यात पहाटे जमीन गार पडते, तिला लागलेली हवा थंड आणि दाट होते, वाकणं वाढतं, आणि लांबचे डोंगर एरवीपेक्षा जरा उचललेले दिसतात. मे महिन्यात भर दुपारी उलटा प्रकार. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा जमिनीलगतचीच हवा सगळ्यात तापलेली आणि विरळ असते. प्रकाश वर वाकतो. महामार्गावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं ते यामुळेच. अशा वेळी लांबचा पायथा थरथरतो, तुटतो, नाहीसा होतो. जुन्या सर्वेक्षकांना हे पक्कं माहीत होतं. जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात दूरच्या डोंगरांवर दिवसा आरशानं सूर्याचा कवडसा पाठवत आणि रात्री दिवे लावून कोन मोजत. रात्री हवा स्थिर असायची आणि प्रकाशाचं वाकणं पुरेसं, म्हणून दिवसा न दिसणारे डोंगर रात्रीच्या दिव्यानं हाती लागत.

इतक्या उंचावरून पृथ्वी गोल दिसते का, असंही लोक विचारतात. नाही दिसत. क्षितिजाची रेघ वाकडी दिसायला महाराष्ट्रातलं कुठलंही शिखर पुरत नाही. गोलाव्याची एकच खूण मिळते, ती म्हणजे क्षितिज डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली येतं. अस्तंब्यावरून साधारण एक अंश खाली, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र एकावर एक ठेवावेत इतकं. नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कोन मोजायचं यंत्र असेल तर सहज मोजता येतं. अकराव्या शतकात अल्बेरुनीनं पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून हाच कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली.

गोल असूनही पृथ्वी सपाट का वाटते, याचं कारण भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणीत दिलं आहे: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, पृथ्वी अफाट मोठी, माणूस अगदी लहान, म्हणून त्याला सगळी सपाट वाटते. आजच्या मोजणीनं पृथ्वीच्या परिघाचा शंभरावा भाग म्हणजे ४०० किलोमीटर. वावरात उभ्या माणसाला दिसतात साडेचार. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून चाळीसगावजवळ पाटण इथं मठ उभा केला, त्याचा शिलालेख पाटणादेवीला आहे. तिथल्या डोंगराच्या वर, कन्नड घाटाच्या काठावर उभं राहिलं की अख्खं खोरं पायाखाली येतं. पलीकडचा सातपुडा तिथून शंभराहून जास्त किलोमीटर. दोन्ही बाजूंची क्षितिजं बेरजेला घेतली तर तोही आवाक्यात आहे.

मग रोज का दिसत नाही? इथे हवेचा अंमल सुरू होतो.

लोक म्हणतात, लांबचं "धुरकट" दिसतं, जणू धूर डोंगराला झाकतो. प्रत्यक्षात अर्धी गोष्ट वेगळीच आहे. डोंगराकडून येणारा उजेड वाटेतले कण आणि हवेचे रेणू इकडेतिकडे विखरून टाकतात, हे खरं. पण तेच कण सूर्याचा उजेड आपल्या डोळ्यांत आणूनही टाकतात. म्हणजे मधली हवा स्वतःच उजळते. उजेडातली मच्छरदाणी डोळ्यांसमोर धरा: पलीकडचं दिसत नाही, कारण जाळीच चमकते. अंधारात उभं राहून त्याच जाळीतून उजेडाकडे बघा, सगळं दिसतं. लांबच्या डोंगराचं असंच आहे. प्रत्येक किलोमीटरची हवा त्याच्या गडद रंगात थोडा उजेड मिसळत जाते. पहिली रांग हिरवी, तिच्यामागची निळसर, तिसरी फिकट निळी, आणि एक वेळ अशी येते की डोंगर आणि मागचं आभाळ यांच्या उजेडात दोनेक टक्क्यांचाच फरक उरतो. डोळा त्याखालचा फरक पकडू शकत नाही. डोंगर जागेवरच असतो, क्षितिजाच्या वरही असतो, पण आभाळात विरघळलेला असतो.

हवा संपूर्ण स्वच्छ असली, धुळीचा कण नाही, धूर नाही, बाष्प नाही, तरी दिवसाउजेडी हे विरघळणं सुमारे ३०० किलोमीटरवर होतंच, कारण हवेचे रेणूही उजेड विखरतात, आणि निळा जास्त विखरतात. आपल्याकडच्या हवेत ही मर्यादा कित्येकदा २०-३० किलोमीटरवर येते. पिरेनीजमधला तो फोटो सूर्य उगवायच्या आधी काढलेला होता, हे आता लक्षात घ्या. मागचं आभाळ उजळलेलं, मधली हवा अजून सावलीत. जाळीवर उजेडच पडलेला नव्हता.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जालंधरच्या गच्च्यांवरून हिमाचलातल्या धौलाधारच्या बर्फाच्या रांगा दिसू लागल्या, ते फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले. बातम्यांत दोनशे किलोमीटर असं आलं होतं. नकाशावर सरळ रेषा मारली तर अंतर सव्वाशेच्या आसपास भरतं. प्रकाश रस्त्यानं जात नाही, एवढं भान बातमी लिहिताना ठेवायला हरकत नव्हती. पण मुद्दा पक्का आहे. डोंगर तिथेच होते, त्यांची उंची पुरेशी होती, बदलली ती फक्त हवा.

खानदेशात ही हवा ऋतूगणिक कशी फिरते, हे डोंगरावर जाणाऱ्याला माहीत असावं. आषाढ-श्रावणात ढगच खाली उतरलेले असतात. मधूनच उघडीप मिळाली तर मात्र चकित व्हाल, कारण पावसानं हवा धुतलेली असते. पाऊस ओसरताना, भाद्रपदाच्या शेवटापासून आश्विनापर्यंत, दोन सरींच्या मधला दिवस हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला. दिवाळी हळूहळू धुराकडे झुकते. मग थंडी. थंडीत हवा स्वच्छ असते असा समज आहे, तो माथ्यापुरता खरा आहे. रात्री खोऱ्यात गार हवा साचते, वर तुलनेनं उबदार थर झाकणासारखा बसतो, आणि चुलींचा, पऱ्हाटी जाळल्याचा, वाहनांचा सगळा धूर त्याखाली अडकतो. पौषातल्या सकाळी सातपुड्याच्या धारेवरून खाली बघितलं तर तापीचं खोरं दुधाळ दिसतं, गावं, शेतं काही नाही, आणि त्या दुधाच्या वर लांबची शिखरं मात्र स्वच्छ. खालची जमीन दहा किलोमीटरची दिसत नाही आणि शिखर शंभर किलोमीटरचं दिसतं! दुपारी जमीन तापली की झाकण उठतं, धूर वर पसरतो, आणि मग दोन्ही मध्यम. चैत्र-वैशाखात वाऱ्यानं उडालेली धूळ, आणि मग पहिल्या वळवाची वाट बघायची.

दमटपणाही लपंडाव खेळतो. धुरातले, मिठाचे बारीक कण दमट हवेत पाणी धरतात आणि फुगतात, मोठा कण जास्त उजेड विखरतो. म्हणून सूर्योदयाच्या सुमाराला कधी कधी पांढुरका पडदा असतो आणि नऊ-दहा वाजता तो विरतो. नवख्याला वाटतं की धुकं गेलं. गेला असतो तो कणांवरचा ओलावा.

नजरेची आणखी एक मर्यादा आपल्या डोळ्यांची, तिच्यावर फार वेळ घालवायला नको. चांगला डोळा एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा फरक ओळखतो. शंभर किलोमीटरवर तो सुमारे २९ मीटर होतो. मांगी-तुंगीवरची ऋषभदेवांची मूर्ती १०८ फूट, म्हणजे ३३ मीटर, डोळ्याच्या मर्यादेला जेमतेम टेकणारी. तेव्हा अस्तंब्यावरून "मूर्ती पण दिसली" असं कुणी म्हणालं तर त्याच्या उत्साहाचं कौतुक करावं आणि विषय बदलावा. डोंगराची आकृती दिसते, त्यावरच्या वस्तू नाहीत. दिव्यांची गोष्ट वेगळी, कारण अंधारात एखादा प्रखर ठिपका आकारानं कितीही लहान असला तरी दिसतो. रात्री माथ्यावरून तळोदा, शहादा, नंदुरबारचे दिवे ओळखता येतात ते त्यामुळे.

आता बागलाणातला लाडका दावा: साल्हेरवरून समुद्र दिसतो. बागलाण जुन्या खानदेशातलंच, म्हणून त्याचाही निकाल लावू. गुजरातचा किनारा साल्हेरपासून सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर. समुद्राच्या बाबतीत १५६७ मीटर पूर्ण मोजायचे, त्यामुळे क्षितिज १४१ किलोमीटरवर. म्हणजे गोलावा आड येत नाही. आड येऊ शकतात डांगच्या डोंगररांगा, कारण समुद्राकडे जाणारी नजर तिथे बरीच खाली आलेली असते आणि काही दिशांना अडू शकते. आणि त्या आड आल्या नाहीत तरी समुद्र म्हणजे डोंगरासारखी गडद आकृती नव्हे. लांबचं पाणी आभाळाच्याच रंगाचं असतं, त्यामुळे दोनेक टक्क्यांचा फरक फार लवकर संपतो. दिसलाच तर तो संध्याकाळी, सूर्य खाली आल्यावर पाण्याची चकाकी म्हणून दिसेल. "अशक्य" म्हणणारा चुकतो आणि "मी रोज बघतो" म्हणणारा थापा मारतो.

स्वतः तपासून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. शिखरं ओळखून देणारी मोबाईल ॲप्स आता बरी आहेत. ती जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून कुठली रांग कुठल्या रांगेमागे लपते याचा हिशोब करतात. त्यांना हवा मात्र माहीत नसते, त्यामुळे ॲपमध्ये दिसणाऱ्या दहा नावांपैकी दोन प्रत्यक्षात दिसली तरी समाधान माना. दुर्बीण असेल तर न्या, पण ती विरघळलेला डोंगर परत आणत नाही, फक्त दिसणारा मोठा करते.

आणि सूर्याचा उपयोग करून घ्या. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला त्यासाठी चांगला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच आहे. मांगी-तुंगी तिथून जवळजवळ थेट पश्चिमेला, साठ-सत्तर किलोमीटरवर. २२ सप्टेंबरच्या आसपास आणि पुन्हा २१ मार्चच्या आसपास सूर्य थेट पश्चिमेला मावळतो. सप्टेंबरातला दिवस निवडा, कारण मार्चात धूळ असते. आदल्या दिवशी पाऊस झालेला हवा. सूर्य बुडाल्यावर लगेच उतरायला लागू नका. बुडाल्यानंतरची वीसेक मिनिटं खरी कामाची, कारण तेव्हा मधली हवा सावलीत जात असते आणि मागचं आभाळ अजून उजळलेलं असतं. त्या वेळात पश्चिमेच्या रेषेवर शेजारी शेजारी उभे दोन सुळके शोधा.